व्ही-क्रॉसच्या मागे कॅम्पर ट्रेलर: घाट, काटा आणि कागद

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे. फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, 1.9 लिटर डिझेल, 163 पीएस, 360 न्यूटन मीटर. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला कमोड लागतो आणि बेताच्या उंचीचा पलंग लागतो. कोकणात घरगुती मुक्कामाला या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतीलच असं नाही, त्यामुळे ती हल्ली "तुम्ही जाऊन या" म्हणते. मला तिला घेऊनच जायचंय. म्हणून कॅम्पर ट्रेलर.

एका कारखान्यात पाहून आलो. सिंगल अ‍ॅक्सल, रिकामं वजन 850 किलो, भरून जास्तीत जास्त 1,200. दांडीसकट लांबी पावणेपाच मीटर. 80 लिटरची पाण्याची टाकी, छोटं टॉयलेट, दोघांचा पलंग, बाकीच्यांसाठी बाजूला तंबू. ब्रेक ओव्हररन पद्धतीचे.

शंका अशा की, खंडाळा आणि कसारा चढताना इंजिनाला हे झेपेल का? घाटात फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावून चढायचं का? न्यूजर्सीतला माझा मावसभाऊ ऑल-व्हील ड्राइव्ह पिकअपने असाच ट्रेलर ओढतो आणि सांगतो की काही लावावं-काढावं लागत नाही, गाडी सगळं स्वतः बघते. माझ्या गाडीलाही ते लागू आहे का? आरटीओचं काय? आणि सोसायटीच्या कमिटीने ट्रेलर आवारात लावायला नाही म्हटलंय, तर तुम्ही लोक तो ठेवता कुठे?

डीजीसेट_भांडुप

दादा, माझा धंदा जनरेटर भाड्याने देण्याचा. लग्नं, शूटिंग, गणपतीचे मंडप. चाकांवरचे जनरेटर पिकअपला जोडून न्यायचे, हेच वर्षानुवर्षं करतोय. तुमचा ट्रेलर माझ्या जनरेटरपेक्षा हलका आहे, पण उंच आहे, आणि उंच ट्रेलर वारा खातो. तेव्हा माझं ऐकताना एवढा फरक धरून चाला.

इंजिनाची चिंता सोडा. 360 न्यूटन मीटरला हा ट्रेलर ओढणं जड नाही. घाटात खालच्या गिअरमध्ये, आरपीएमचा आकडा तीन-साडेतीन हजारांच्या आत ठेवून, डाव्या लेनने निवांत चढा. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, एसी गरजेपुरता. बास.

फोर-एच मात्र कोरड्या डांबरावर लावू नका. व्ही-क्रॉस काय आणि हायलक्स काय, आपल्याकडे मिळणाऱ्या या गाड्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत. फोर-एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. तो फरक सुटायला वाट मिळत नाही, मग गाडी आखडते, टायर घासतात आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) जातो. घाटातल्या वळणांवर मागे ट्रेलर असताना तर नकोच. टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर चढा. ट्रेलर गाडीमागच्या टो-बारवरच्या गोळ्याला, म्हणजे बॉलला, जोडतात. बॉलवरचं वजन मागच्या चाकांवरच येतं, त्यामुळे पकड उलट सुधारते. फोर-एच आणि फोर-एल (चारही चाकं, पण आणखी खालच्या गिअरमध्ये) ठेवा आमराईतल्या लाल मातीच्या उतारासाठी किंवा पावसात चिखल झालेल्या मैदानातून बाहेर पडण्यासाठी. तिथे ते खरंच कामाला येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रेलर घ्यायच्या आधी काट्यावर चढवा. कारखान्याची पाटी नको बघू, वजनकाट्याची पावती बघा. आणि रिकामा नाही, पूर्ण भरून: पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, गाद्या, भांडी, आईची खुर्ची, सगळं. आधी ट्रेलर एकटा सोडवून काट्यावर. मग गाडीला जोडून, पण काट्यावर फक्त ट्रेलरची चाकं. दोन्ही पावत्यांतला फरक म्हणजे बॉलवर येणारं वजन. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. कमी असेल तर ट्रेलरचं ढुंगण जड आहे, 70-80 च्या पुढे तो शेपूट हलवायला लागेल. जास्त असेल तर गाडी मागे बसेल, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातील आणि स्टिअरिंग हलकं होईल.

मोठा काटा पाच-दहा किलो इकडे-तिकडे दाखवतो. बॉलचं वजन नेमकं हवं असेल तर भंगारवाल्याकडचा जमिनीवरचा काटा घ्या. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) बॉलच्या उंचीला टेकवा. ट्रेलर सपाट उभा पाहिजे, चाकांना पुढून-मागून ओट (चाक अडवणारा ठोकळा) लावलेली पाहिजे.

एक प्रश्न मलाही विचारायचाय. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचा आकडा दिलाय का? परदेशातल्या हायलक्स, डी-मॅक्सचा 3,500 किलोचा आकडा लोक इथे बिनधास्त सांगतात. तो तिकडच्या गाडीचा, तिकडच्या टो-बारसकट आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरचा. तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या.

गिरगाव_ते_न्यूजर्सी

मावसभावाची गाडी होंडा रिजलाइन असावी, कारण माझ्याकडेही तीच आहे आणि इथे ऑल-व्हील ड्राइव्ह मिडसाइझ पिकअप म्हटलं की बहुतेक वेळा तीच निघते. भारतात ती विकत नाहीत. त्याचं म्हणणं त्याच्या गाडीपुरतं बरोबर आहे. तिच्यात मागच्या चाकांना किती ताकद द्यायची, डाव्या-उजव्या चाकात ती कशी वाटायची, हे क्लच आणि कॉम्प्युटर ठरवतात. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर ती जोडलेली असली तरी आखडत नाही. ही सोय पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये नाही. पण तिला फोर-एल नाही, ते तुमच्याकडे आहे.

ओढण्याच्या वजनाचा आकडा सांगतो. ऑल-व्हील ड्राइव्ह रिजलाइनला 5,000 पौंड, म्हणजे साधारण 2,270 किलो. तिचंच जुनं फ्रंट-व्हील ड्राइव्ह मॉडेल होतं, त्याला फक्त 3,500 पौंड, म्हणजे 1,590 किलो. इंजिन तेच, तरी इतका फरक. आणि पाच हजाराचा आकडाही गाडीत माणसं वाढली की कमी होतो. तुम्ही पाच जण असणार, हे विसरू नका.

ब्रेकच्या बाबतीत मात्र गाडी "सगळं स्वतः बघत" नाही. इथल्या बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. मी इलेक्ट्रिक ब्रेक वापरतो, कंट्रोलर डॅशबोर्डखाली आहे. ट्रेलर हलायला लागला की गाडीचा ब्रेक न दाबता हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावता येतो, आणि तो मागून ओढ घेऊन सरळ होतो. कारखानदाराला हा पर्याय नक्की विचारा. आणि कपलरचं मापही बघा. इथला 2 इंची बॉल 50.8 मिलिमीटरचा असतो, युरोपातला 50 चा. पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण 2 इंची कपलरमध्ये 50 चा बॉल सैल बसतो. बॉल आणि कपलर दोन्हींवर कोरलेलं माप वाचूनच जोडी लावा.

कर्जत_बँकर

मी मध्य रेल्वेतून निवृत्त. आयुष्य कर्जत–लोणावळा घाटात गेलं. चढण 37 ला 1, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. लोक बघतात ती चढाई. आमचं लक्ष मात्र कायम उतरण्यावर असायचं. उताराला लागण्याआधी गाडी थांबवून ब्रेक तपासल्याशिवाय खाली सोडत नाहीत, आणि वाटेत कॅच सायडिंग असतात ते ब्रेक गेलेली गाडी वळवून घ्यायला.

तुम्हीही खंडाळ्याला तेच करा. उताराच्या आधी थांबा. कपलर, साखळ्या, दिवे, ट्रेलरची चाकं बघा, ब्रेक एकदा दाबून पाहा. मग माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर. वेग वाढल्यावर तो उतरवायचा नाही, मुळात वाढू द्यायचा नाही.

हिशेब करा. गाडी, माणसं, सामान, ट्रेलर धरून साडेतीन टन. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण साडेपाचशे मीटर खाली. त्यातून जवळपास 19 मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्यात साठ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाऊ द्यायची की इंजिनात आणि वाऱ्यात, हे तुमचा उजवा पाय ठरवतो.

डीजीसेट_भांडुप

काका, अगदी बरोबर. त्यात ओव्हररन ब्रेकची एक खोच आहे, ती दादांना कळायला हवी. ट्रेलर गाडीला पुढे ढकलतो तेव्हा दांडी आत सरकते आणि त्या सरकण्यानेच ब्रेक लागतो. आपण इंजिन ब्रेकिंगवर उतरतो तेव्हा ट्रेलर सगळा घाटभर ढकलतच असतो, म्हणजे त्याचे ड्रम सगळा घाटभर घासत असतात. म्हणून वेग कमी ठेवा, आणि उतरल्यावर खोपोलीच्या बाजूला थांबून ड्रमजवळ हात न लावता उष्णता बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर ब्रेकचं सेटिंग नाहीतर बेअरिंग बिघडलंय.

इलेक्ट्रिक ब्रेक मिळत असेल तर जास्त पैसे देऊन घ्या. सोबत ब्रेकअवे स्विच. ट्रेलर सुटला तर वायर खेचली जाते आणि ट्रेलरच्या बॅटरीवर ब्रेक लागतो. सेफ्टी चेन दोन, आणि त्या दांडीखाली एकमेकींना ओलांडून लावायच्या. कपलर सुटलाच तर दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

एक्सप्रेसवेवर व्होल्वो बाजूने निघून जाते तेव्हा आधी ट्रेलर बाहेर ढकलला जातो, मग आत ओढला जातो. घाबरून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलट-सुलट फिरवायचं नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि पाय उचलायचा. आम्ही 70 च्या वर जात नाही, रस्ता कितीही मोकळा असो. समृद्धीवर तर आणखी सांभाळा. आमण्याहून इगतपुरीला आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून जाता येतं, कसारा घाट टळतो, ते उत्तमच. पण पुढे तासन्‌तास एकाच वेगाने जाणाऱ्या ट्रेलरचे छोटे टायर तापतात. थंड असताना हवा बघा, आणि टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) अ‍ॅक्सलच्या वजनाशी ताडून घ्या.

चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही. आई दमल्या, आडव्या व्हायचंय म्हणाल्या, तरी नाही. गाडी थांबवा, पाठ टेकू द्या, मग निघा.

वडाळा_फाइल

कागदांचं मी सांगतो, आरटीओची कामं करतो.

मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येत ट्रेलर हे मोटार वाहनच आहे. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र नंबर, स्वतंत्र विमा. 5 नोव्हेंबर 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. भाड्याने दिलात की तो परिवहनमध्ये जातो. तेव्हा मित्राला "थोडे पैसे घेऊन" द्यायचा मोह टाळा.

कारखानदाराकडे पहिला प्रश्न किंमत नाही, टाइप अ‍ॅप्रूव्हल. केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली नमुना तपासून घ्यावा लागतो, पुण्याची एआरएआय ही त्यासाठीची एक संस्था. प्रमाणपत्राची प्रत दाखवत नसतील तर तिथून उठा. नुसत्या बिलावर नोंदणी होणार नाही आणि ट्रेलर अंगणात पडून राहील. मुलुंड म्हणजे तुमचं कार्यालय वडाळा, एमएच-03.

टो-बारबद्दल गाडीच्या कंपनीला आणि विमा कंपनीला, दोघांनाही लेखी विचारा. याच कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्यानंतर मूळ रचनेतल्या बदलांकडे कडकपणे बघतात. चेसिसला वेल्डिंग केलेला टो-बार अजिबात नको. बोल्टने बसणारा, वजनाची पाटी असलेला घ्या.

मुक्कामाचं: राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलंय, पण प्रत्येक ठिकाणी सोय तयार आहे असं समजून निघू नका. एमटीडीसी असो की खासगी रिसॉर्ट, आधी फोन करून 15 अँपिअरचा पॉइंट, पाणी आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा, तिन्ही विचारा.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. कारखानदाराने भरलेला ट्रेलर बाहेर काढू दिला, पनवेलजवळच्या काट्यावर नेला, नंतर भंगारवाल्याचा काटाही मिळाला.

एकूण 1,090 किलो. बॉलवर फक्त 48. म्हणजे साडेचार टक्के! पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे, इन्व्हर्टरची 55 किलोची बॅटरी मागच्या कपाटात आणि स्टेपनी मागच्या भिंतीवर. तिथल्या माणसाने बॅटरी पुढच्या पेटीत हलवली आणि स्टेपनी दांडीवर घेतली. पुन्हा मोजलं तर 113. टाकी रिकामी केली तर एकूण 1,010 आणि बॉलवर 148. कपलरच्या पाटीवर 150 लिहिलंय.

एआरएआयचं प्रमाणपत्र दाखवलं, प्रत घेतली. इलेक्ट्रिक ब्रेक लावून देतो म्हणाले, पण ते त्याच प्रमाणपत्रात बसतात का, हे लेखी मागितलंय. टोइंगबद्दल गाडीच्या कंपनीच्या उत्तराची वाट बघतोय. ते आल्याशिवाय पैसे भरणार नाही.

पहिला बेत दापोली, तिथून गुहागर. दाभोळ–धोपावे फेरीबोटीने ट्रेलर नेता येईल का?

डीजीसेट_भांडुप

शाब्बास. 113 म्हणजे दहा टक्क्यांच्या थोडं वर, छान. रिकाम्या टाकीला 148 जरा काठावर आहे, म्हणून निदान अर्धी टाकी भरूनच निघत जा. आणि हे 113 गाडीच्या पेलोडमधून (गाडी वाहू शकते त्या वजनातून) वजा होतात. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे मागच्या चाकांवर दीडशेच्या वर येतात आणि 113 च्या वर जेवढे येतात तेवढी पुढची चाकं हलकी होतात. पाच माणसं आणि हौद्यातलं सामान धरून गाडीही एकदा काट्यावर चढवा, अ‍ॅक्सलप्रमाणे. गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन असलं जड सामान हौद्यात टेलगेटपाशी नको, केबिनला चिकटून ठेवा.

ठेवण्याचं म्हणाल तर आमचे काही जनरेटर पावसाळ्यात नेरळच्या बाजूला शेडमध्ये असतात. शेतघरवाले महिन्याच्या भाड्याने जागा देतात, लेखी करून घ्या. तिथे ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसात शू ड्रमला गंजून चिकटतात. ओट लावा, हँडब्रेक सोडा. दिवाळीला बाहेर काढाल तेव्हा बेअरिंगला नवीन ग्रीस. कोकणातून खाऱ्या हवेतून आलात की ड्रम आणि दांडी गोड्या पाण्याने धुवा.

दापोलीला जाताना पोलादपूर–खेडमधला कशेडी घाट बोगद्यातून टाळता येतो, तोच रस्ता धरा.

दाभोळच्या फेरीबद्दल: आधी एकटी गाडी घेऊन जा आणि जेट्टी बघून या. ओहोटीला उतार लांब आणि शेवाळलेला असतो, बोटीची फळी आणि उतार यांच्यात कोन पडतो. ट्रेलरचं जॉकी व्हील (दांडीखालचं आधाराचं छोटं चाक) किंवा मागचं टोक तिथे घासतं. भरतीच्या आसपासची फेरी गाठा, जॉकी व्हील पूर्ण वर घ्या, आणि बोटीवरच्या माणसांना लांबी-वजन आधीच सांगा. बोटीवर चढायला फोर-एल लावा, उतार ओला असतो. आत मात्र रिव्हर्सने सरकवायची वेळ येते. त्यासाठी एक सोपी रीत: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर उजवीकडे न्यायचाय तर हात उजवीकडे, डावीकडे न्यायचाय तर डावीकडे. उलव्याच्या बाजूला मोकळी जागा बघून रविवारी सकाळी दोन ड्रम ठेवून सराव करा. मला फोन न करता इथेच लिहा, मी येतो. ड्रम माझ्याकडे आहेत.